एक्स-रे कोरा आला, तरी अबोलीला चालवू नका

पत्र पेडणे तालुक्यातून आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडक्यात देतो.

"डॉक्टर, नमस्कार. आमच्याकडे अबोली नावाची नऊ वर्षांची घोडी आणि एक तट्टू आहे. मिस्टर बोटीवर असतात, त्यामुळे घोड्यांचं सगळं मी आणि माझी बारावीतली मुलगी बघतो. रविवारी संध्याकाळी चंदी टाकताना तट्टूनं दुगाणी झाडली आणि ती अबोलीच्या मागच्या उजव्या पायाला लागली. मागे वळलेला मोठा सांधा असतो ना, त्याच्या वितभर वर, आतल्या बाजूला. जखम रुपयाएवढी. डॉक्टरांनी धुऊन पट्टी केली, दुसऱ्या दिवशी फिरतं मशीन आणून एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. पण आज चौथा दिवस, ती पाय टेकते, भार मात्र पुरता देत नाही. शेजारी म्हणतात चालव, नाहीतर पाय धरेल. एकानं हाडसांधीचा लेप सांगितला, एकानं हरमलच्या समुद्रात उभी कर म्हणून सांगितलं. एक जण म्हणाला, घोड्याचं हाड मोडलं की गोळीच घालतात. तेव्हापासून माझा डोळा लागत नाही. तिला चालवू का? आणि नक्की काय ते कळेपर्यंत मी काय करू?"

ताई, नमस्कार.

चालवू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण अबोलीला तबेल्याबाहेर काढायचं नाही. अंगणात दोन फेऱ्याही नकोत. हे उत्तर तुम्हाला आधीच पाठवलं आहे. इथे देतोय ते किनाऱ्यावर आणि आतल्या गावांत घोडे पाळणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण हा प्रसंग कुणाच्याही तबेल्यात येऊ शकतो.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीनं मला धसका बसला: 'सांध्याच्या वितभर वर, आतल्या बाजूला.' तिथे टिबिया नावाचं हाड आहे, आपल्या नडगीचंच भावंड. बाहेरच्या अंगाला त्याच्यावर मांसाची जाड गादी असते, आतल्या अंगाला मात्र कातडी आणि लगेच हाड. पुढच्या पायात गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला हीच गत असते. दुसऱ्या घोड्याची लाथ नेमकी या दोन ठिकाणी बसली की मार झेलायला मध्ये काहीच नसतं, सगळा जोर थेट हाडात उतरतो. वरची जखम किरकोळ दिसते, घोडा तीन पायांवर येत नाही, थोडासा लंगडतो, आणि सगळे निर्धास्त होतात. आत मात्र हाडाला केसाएवढी चीर गेलेली असू शकते. हाडाचे दोन्ही भाग अजून एकमेकांना धरून असतात, म्हणून तर ती पाय टेकते. मग एखाद्या रात्री ती बसते, उठायला जोर लावते आणि चिरेचा तुकडा होतो. सकाळी पाय लोंबताना पाहून फोन करणारे मालक मला नोकरीच्या काळात भेटले आहेत. आदल्या संध्याकाळी तेच म्हणालेले असतात, 'आता बरीच सुधारली.'

अबोलीला चीर गेलीच आहे असं मी म्हणत नाही. मी तिला पाहिलेली नाही, आणि नुसता मुका मार असण्याचीही चांगली शक्यता आहे. पण नाही हे सिद्ध होईपर्यंत आहे असंच धरायचं. मुका मार असताना दोन आठवडे जास्त जपलं तर तुमचे दोन आठवडे जातील. उलट झालं तर घोडी जाईल.

आता एक्स-रेविषयी, कारण तुमची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही. चीर इतकी बारीक असते की किरण तिच्या रेषेतूनच गेला तर ती फिल्मवर उमटते, थोडा तिरका गेला तरी लपते. पहिल्या दिवशी अख्खं दिसलेलं हाड दहाव्या-चौदाव्या दिवशी चिरलेलं दिसतं, असं अनेकदा होतं. तेवढ्या दिवसांत शरीर चिरेच्या दोन्ही कडांचं मेलेलं हाड खाऊन टाकतं, फट रुंदावते आणि फोटोत धरली जाते. म्हणून मार लागल्यापासून 10 ते 14 दिवसांनी दुसरा एक्स-रे काढायचाच. पाय सुधारलेला वाटला तरी, पैसे वाया जातील असं वाटलं तरी. डॉक्टरांना आताच सांगून ठेवा: समोरून एक, बाजूनं एक आणि तिरके दोन, असे निदान चार फोटो हवेत, आणि जखमेच्या जागी धातूची छोटी खूण चिकटवलेली हवी, म्हणजे नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

हल्लीची मशीनं डिजिटल असतात, फोटो फोनवर पाठवता येतात, याचा फायदा घ्या. सोळाव्या शतकात अरबी घोड्यांची गलबतं गोव्याच्या बंदरात लागायची आणि ते घोडे घाट चढून विजयनगरला जायचे. आज गोव्यात घोडे मोजकेच आहेत, आपल्या डॉक्टरांच्या हाताखाली दिवसभर गाई-म्हशी आणि कुत्री येतात. त्यात कमीपणा नाही. पण मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्याला रेसकोर्सवर असे डॉक्टर आहेत जे रोज घोड्यांचीच हाडं बघतात, परळला 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तुमच्या डॉक्टरांना विनंती करा की त्यांनी यांपैकी कुणाला तरी फोटो दाखवावेत. एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला विचारलं तर कुणाचा अपमान होत नाही. घोडीला मात्र टेम्पोत घालून घाटावर न्यायचा विचार सध्या करू नका. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या वळणांवर चारशे किलोचं जनावर तोल सावरत उभं राहतं, आणि तोल सावरायला मागचेच पाय लागतात.

आता तबेल्यात काय करायचं ते सांगतो. याच भागावर सगळं अवलंबून आहे.

तुमच्या घरी गाय असेल तर तिचं उठणं आठवा. गाय आधी मागचा भाग उचलते, पुढच्या गुडघ्यांवर क्षणभर थांबते, मग पुढे उभी राहते. घोड्याचं बरोबर उलट असतं. तो आधी पुढचे दोन्ही पाय समोर ताणून रोवतो, मान वर फेकतो आणि मग मागच्या पायांच्या एका हिसक्यात सगळं धूड उचलतो. त्या हिसक्याला अबोलीच्या टिबियावर जेवढा ताण येईल तेवढा तबेल्यातल्या दुसऱ्या कुठल्याही हालचालीत येत नाही. म्हणून अशा संशयात घोड्याला बसूच द्यायचं नाही, ही पद्धत आहे. ऐकायला निर्दय वाटतं, पण घोडा उभ्यानं विसावू शकतो. त्याच्या मागच्या पायात गुडघ्याची वाटी अडकवून पाय जागच्या जागी कुलूपबंद करण्याची सोय निसर्गानंच केलेली आहे. गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवं व्हावं लागतं हे खरं, पण काही आठवडे त्याशिवाय निभतं.

तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि त्यांनी होकार दिला तर तिला मोहरकीला दोन्ही बाजूंनी दोर लावून बांधा, साधारण तिच्या खांद्याच्या उंचीवर. दोर एवढाच ठेवा की मान हलवता येईल, छातीच्या उंचीला टांगलेल्या जाळीतलं गवत खाता येईल, पण खाली बसता येणार नाही. गाठ सुरगाठ हवी, एका ओढीत सुटणारी. कडी आणि दोर यांच्यामध्ये सुतळीचा एक वेढा घाला, म्हणजे ती बिथरलीच तर मान मोडण्याआधी सुतळी तुटेल. पिछाडी अजिबात बांधू नका. जिला बांधून राहायची सवयच नाही आणि जी दोराशी झुंजते, तिला बांधणं न बांधण्यापेक्षा वाईट. तशी असेल तर लहान जागेत मोकळी ठेवणं बरं, आणि हा निर्णय डॉक्टरांनी तिच्याकडे बघून घ्यावा. ती बसलेली दिसली तर हाकारून उठवू नका. शांतपणे जवळ थांबा, फोन करा, तिला तिच्या मनानं उठू द्या.

मान सतत वर राहिली की एक वेगळाच धोका येतो, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. घोडा चरताना डोकं खाली घालतो तेव्हा श्वासनळीतली घाण आपोआप बाहेर निथळते. डोकं दिवसच्या दिवस वर बांधलं तर ती खाली उतरते आणि छातीत पू होऊ शकतो. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा एकीनं दोर हातात धरायचा, दुसरीनं बादली जमिनीवर ठेवायची, आणि तिला वीस-पंचवीस मिनिटं मान खाली घालून खाऊ-पिऊ द्यायचं. तेवढ्यात ती बसायला लागली तर थोपवता येतं. सकाळ-संध्याकाळ ताप बघा. घोड्याचं नेहमीचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असतं. त्याच्या वर गेलं, खोकला आला किंवा खाणं सुटलं तर त्याच दिवशी कळवायचं.

जमिनीकडे बघा. जून लागला की आपल्याकडे चिऱ्याची फरशी आणि कोबा दोन्ही शेवाळतात. तिचा पाय एकदा घसरला तर हे सगळं जपणं फुकट. जाड रबरी मॅट मिळाली तर उत्तम, त्यावर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चांगला वीतभर पसरा. पेंढ्याचं अंथरूण करू नका. उभ्या उभ्या कंटाळलेली घोडी तो पेंढा खात राहते आणि पोटात गोळा अडकतो.

आणि आता तो पाय, ज्याच्याकडे कुणीच बघत नाही: डावा मागचा. दुखऱ्या पायाचा भार रात्रंदिवस तोच घेतोय. भार हलका-जड होत राहिला तरच खुराच्या आत रक्त खेळतं. एकाच पायावर सतत ओझं राहिलं की खुराचं कवच आणि आतलं हाड यांना सांधणारे पापुद्रे सुजतात आणि सुटायला लागतात. इंग्रजीत याला लॅमिनायटिस म्हणतात. अमेरिकेत 2006 साली बार्बारो नावाच्या शर्यतीच्या घोड्याचा मागचा उजवा पाय धावताना मोडला. ऑपरेशन झालं, जगभर बातम्या झाल्या, मोडलेला पाय बऱ्यापैकी जुळूनही आला. पण मागच्या डाव्या खुराला लॅमिनायटिस झाला आणि जानेवारी 2007 मध्ये त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं.

म्हणून रोज दोनदा हे करा. खुराच्या वर जो गाठीसारखा सांधा आहे, त्याच्या मागच्या बाजूला, आतल्या आणि बाहेरच्या कडेला, दोन बोटं हलकेच टेकवा. तिथे नाडी असते. निरोगी पायात ती इतकी हलकी लागते की शोधावी लागते. ती बोटांखाली ठणठण उडत असेल, किंवा खूर तळहाताला गरम लागत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. पहिल्या दिवसापासून करायला घ्या, म्हणजे नेहमीची नाडी कशी लागते ते हाताला माहीत होईल. आणखी एक: अबोली एखाद्या सकाळी अचानक उजव्या पायावर भार देताना दिसली तर आनंद होईल, होऊ द्या, पण आधी डाव्या खुराला हात लावा. कधीकधी दुखरा पाय बरा झालेला नसतो, चांगला पाय जास्त दुखायला लागलेला असतो.

खाण्याचं सांगतो. हालचाल बंद म्हणजे चंदी बंद, किंवा अगदी नावाला. हरभरे आणि गोळीचा खुराक उभ्या घोड्याच्या अंगात माज आणतो आणि खुरांनाही घातक ठरतो. पोटभर वाळलेलं गवत द्या, चारशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा ते आठ किलो. पाणी तीस लिटरच्या आसपास जायला हवं. पावसात ती कमी पिते, म्हणून गवत भिजवून द्या आणि मिठाचा खडा समोर ठेवा. लीद मोजा. दिवसाला आठ-दहा ढीग ही नेहमीची गोष्ट आहे. चार-पाचांवर आलं, लेंड्या सुक्या आणि लहान झाल्या, तर पोट अडखळतंय.

कोंडा मात्र थांबवा. आपल्याकडे आजारी जनावराला प्रेमानं भाताचा नाहीतर गव्हाचा कोंडा कालवून घालतात, गाईला ते चालतं. घोड्याच्या बाबतीत कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी थोडं, आणि महिनोन् महिने तोच चालू राहिला तर शरीर कॅल्शियम स्वतःच्याच हाडांतून काढतं. जुन्या काळी पिठाच्या गिरण्यांवरच्या घोड्यांना हा रोग व्हायचा, त्यांची तोंडं सुजून हाडं ठिसूळ व्हायची. गाईंसाठी लावलेलं संकरित नेपियर गवतही घोड्याला रोज नको. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अबोली या दोन्हींवर वाढली असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण मग लाथ साधी असली तरी हाड आधीपासून कमजोर असू शकतं.

जखम. तुम्ही पत्रात धनुर्वाताच्या इंजेक्शनाचा उल्लेख केलेला नाही. दिलं नसेल तर आज द्या. पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोड्याइतकं हळवं कुणी नाही, आणि तबेल्याच्या मातीत, लिदीत त्याचे जंतू असतातच. पूर्वी कधीच लस टोचलेली नसेल तर लसीबरोबर धनुर्वातविरोधी सीरमही लागतं, कारण नुसती लस कामाला लागायला वेळ घेते. पावसात माशा फार, पट्टी ओली राहिली की किडे पडतात. पट्टी रोज बदला आणि वास घ्या. जखम भरत आली असं वाटून तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पाझरायला लागली, तर हाडाची एखादी मेलेली कपची आत राहिली असू शकते. ती काढावी लागते, पण काढल्यावर जखम छान भरते.

वेदनाशामकं. घरात असलेली माणसांची गोळी देऊ नका. डायक्लोफेनॅक तर नकोच. गिधाडं मरायला लागली म्हणून जनावरांसाठी त्याच्यावर 2006 पासून बंदी आहे. डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यांनी सांगितलेल्या मापातच द्या, दोन औषधं एकत्र करू नका, जठराला आणि मूत्रपिंडाला बाधतात. तिला दुखतंय हे बघवत नाही, मला समजतं. पण या दोन आठवड्यांत थोडं दुखणं हाच तिचा लगाम आहे. दुखणं पुरतं मारलं की ती पायावर रेटून उभी राहील आणि चीर उघडेल. त्रासानं थरथरेल, घाम फुटेल, खाणार नाही, इतकं दुखू द्यायचं नाही. त्याच्या अलीकडचा मध्य डॉक्टर गाठतात.

शेजाऱ्यांचे सल्ले. तुमच्यावर माया आहे म्हणूनच ते सांगतात, त्यांच्याशी वाद घालू नका, पण काही करू देऊ नका. चालवलं नाही तर पाय धरेल ही भीती स्नायूंच्या आणि सांध्यांच्या दुखण्यात खरी असते, तुटक्या हाडात नाही. खाऱ्या पाण्यात उभं करणं शिरांच्या सुजेला बरं, पण समुद्रापर्यंत चालत जावं लागतं, आणि वाळूत खूर रुतला की पाय पिळला जातो. हाडसांधीचा लेप उघड्या जखमेवर नको, आणि चोळायचं तर कुठलंही तेल नको. बांबूच्या कामट्या लावू द्यायच्या नाहीत, हे विशेष सांगतो. कामटी तेव्हाच आधार देते जेव्हा ती दुखऱ्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरते. टिबियाच्या वरचा सांधा पोटाच्या कडेला असतो, तिथे गावठी बांधणी पोचत नाही. अर्ध्यावर संपलेल्या कामट्यांचं वजन पायाला लोंबतं आणि मोड नेमका कामटीच्या टोकाशी होतो. तिला आज कामटी नसणंच सुरक्षित आहे.

खालच्या पायाचं मात्र वेगळं असतं, हे बाकीच्या वाचकांसाठी. पुढच्या पायात गुडघ्याच्या किंवा मागच्या पायात हॉकच्या, म्हणजे त्या मागे वळलेल्या मोठ्या सांध्याच्या, खाली हाड मोडलं असेल तर कापसाचे थरावर थर घट्ट गुंडाळून, त्यावर उभा चिरलेला पीव्हीसी पाइप किंवा फळी बांधून आधार द्यायचा असतो, आणि तोही घोडा हलवण्याच्या आधी. गाडीत चढवायची वेळ आलीच तर पुढचा पाय मोडलेल्या घोड्याचं तोंड मागे आणि मागचा पाय मोडलेल्याचं तोंड पुढे ठेवायचं, म्हणजे ब्रेक लागला की हिसका चांगल्या पायांवर येतो. आणि घोडा एकाएकी पाय टेकेनासा झाला, कुठे मार लागल्याचं दिसत नाही, तर घाबरण्याआधी खूर तपासून घ्या. खुरात पू धरणं हे अचानक जोरात लंगडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे, पावसाळ्यात जास्तच, आणि पू काढला की घोडा दोन दिवसांत टापा टाकायला लागतो.

'हाड मोडलं की गोळी' याचंही उत्तर द्यायला हवं, कारण तुमची झोप त्यानंच उडाली आहे. ते अर्धसत्य आहे. जागेवर राहिलेली चीर, जिचे तुकडे सरकलेले नाहीत, ती नुसत्या बांधून ठेवण्यानं आणि विश्रांतीनं जुळू शकते, आणि अनेक घोडे त्यातून पुन्हा सवारीला आलेले आहेत. दुसऱ्या एक्स-रेत चीर दिसली तर काही आठवडे बांधून आणि एकूण तीन-चार महिने तबेल्यात, मग हातात धरून थोडं थोडं चालवणं, असा तो रस्ता आहे. लांब आहे, पण रस्ता आहे. पूर्ण वाढलेल्या घोडीची टिबिया तुकडे होऊन सरकली तर मात्र वाचवण्याची आशा फार थोडी असते. तेव्हा डॉक्टरांच्या हातून, औषधानं, दुखणं न वाढवता शेवट करणं हाच दयेचा मार्ग राहतो.

हे लिहिताना जड जातंय, पण याच गोष्टीसाठी एक काम आज करा. मिस्टरांचा फोन लागेल त्या दिवशी त्यांच्याशी हे स्पष्ट बोलून घ्या: तशी वेळ आली आणि तुम्ही समुद्रात रेंजच्या बाहेर असलात, तर निर्णय मी घेईन, तो तुमचाही असेल. त्यांचा होकार घेऊन ठेवा. पाय वेडावाकडा लोंबणाऱ्या घोडीच्या शेजारी उभं राहून बोट कुठल्या बंदरात आहे हे शोधत बसण्याची पाळी कुणावर येऊ नये. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर आणि ते नसतील तर दुसऱ्याचा नंबर तबेल्याच्या दारावर लिहा. तशी वेळ आलीच तर तिला हलवायचं नाही, उघड्या जखमेवर स्वच्छ फडकं धरायचं, तोंडाशी गवत धरायचं, ओळखीच्या आवाजात बोलत राहायचं आणि डॉक्टर येईपर्यंत दुसरं काही करायचं नाही.

तुम्ही विचारलंत, कळेपर्यंत मी काय करू. वाट बघणं हेच इथे काम आहे, आणि ते दोघींत वाटून घ्या. एका वहीत तारीख, ताप, लीद, पाणी, दोन्ही खुरांची नाडी लिहा. मुलीला तिचा वाटा द्या, तिला दूर ठेवून जपायला जाऊ नका. ती मोठी आहे, आणि अबोली तिचीही आहे. रात्री दर तासाला बॅटरी घेऊन जाऊ नका. तुमच्या पावलांनी घोडी दचकते आणि जागची फिरते. झोपायच्या आधी एकदा, पहाटे एकदा, एवढं पुरे. बाकीच्या वेळी जाग आली तर कानोसा घ्या. घोडी संथपणे गवत चावत असेल तर तो आवाज ओटीपर्यंत येतो.

तट्टूला विकायचं का, असं पत्राच्या शेवटी विचारलंत. नाही. चंदीच्या वेळी एकमेकांवर उठणं हा घोड्यांचा स्वभाव आहे, त्यानं वैर धरलेलं नाही. त्याला मधल्या भक्कम आडव्या बांबूपलीकडे, पण तिला दिसेल असा बांधा. एकटी राहिली तर ती अस्वस्थ होऊन फिरत राहील, आणि तिचं फिरणंच तर आपल्याला टाळायचं आहे. नालबंद येईल तेव्हा तट्टूच्या मागच्या दोन्ही पायांचे नाल काढून घ्या. नुसत्या खुराची लाथ आणि लोखंडी नालाची लाथ यांत हाड वाचण्या-मोडण्याचा फरक असतो. आणि इथून पुढे दोघांची चंदी वेगवेगळ्या कोपऱ्यांत, एकाच वेळी.

दुसऱ्या एक्स-रेचे चारही फोटो आले की मला पाठवा, आधीच्या फोटोंसह. दोन्ही शेजारी ठेवून बघायला हवेत.